शीग

नळावर दोघी उभ्या असताना शेजारच्या रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "सत्यशीलाबाई, राग मानू नका हं, पण बाळाला पोटभर मिळतं ना हो?" एवढंच. त्यात ना टोमणा होता, ना नाक मुरडणं. बाईंची घागर भरली, त्यांनी ती कमरेवर घेतली आणि त्या आपल्या दारात शिरल्यासुद्धा. सत्यशीला मात्र तशीच उभी राहिली आणि तिची घागर भरून वाहू लागली तरी तिच्या ध्यानात आलं नाही. "मिळतं की. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याबरहुकूम देते," असं ती बोलली होती खरी, पण ते बाईंच्या पाठीला. रत्नप्रभाबाई वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं! वाईट माणसाला उत्तर द्यायची सत्यशीलाला लहानपणापासून सवय होती, त्यासाठी तिला शब्द शोधावे लागत नसत. पण कलेक्टर कचेरीतल्या नरहरपंतांची ही बायको, सत्यशीला या ओळीतल्या दोन खोल्यांत राहायला आली त्या दिवशी आपण होऊन काड्यापेटी घेऊन आली होती. पुढं तिच्या हातचा चहा प्यायली होती, अर्धाच कप, पण प्यायली होती. यवतमाळात तेवढंसुद्धा सगळ्यांकडून होत नव्हतं. असल्या बाईनं काळजीनं विचारलेल्या प्रश्नाचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती घरात आली तेव्हा तिच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या.

आत विशाखा रडत होती. पंचफुला, सत्यशीलाची माय, नातीला खांद्यावर टाकून या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत होती. "हे पाह्य, आत्ताच बाटली पेली अन् आत्ताच बोंबलून राह्यली," ती म्हणाली, आणि रिकामी बाटली तिनं दुरूनच दाखवली. होडीच्या आकाराची काचेची बाटली, दोन्ही टोकांना रबर. आत दुधाचा एक थेंब नव्हता. पोर पिताना पाहण्यासारखी पीत असे. मुठी आवळून, कपाळावर घाम येईस्तोवर, अगदी शेवटी नुसती हवा चूं चूं वाजायला लागेपर्यंत. मग ती थांबे. बाटलीकडे बघे, मग आईकडे बघे, आणि दोन्हीकडून काही हालचाल होत नाही असं दिसल्यावर तिची हनुवटी थरथरू लागे. त्यानंतर जो आवाज निघे तो भिंतीपलीकडे नरहरपंतांच्या चहाच्या कपापर्यंत पोचे. देवराव, सत्यशीलाचा नवरा, राजूरच्या कोळशाच्या खाणीत हजेरी कारकून होता आणि सुट्टीला घरी येई. तो या रडण्यावर फार खूष होता. "हिला सभेत भोंगा लागणार नाही," तो म्हणे, "ही नुसती उभी राहिली तरी मागच्या रांगेला ऐकू जाईल." त्याचं बरं होतं, तो सोमवारी राजूरला निघून जाई. सत्यशीलाला मात्र ते रडणं अंगावर घ्यावं लागे, कारण दूध तिचं गेलं होतं. बाळंतपणानंतर मुदतीचा ताप आला, तो गेला तेव्हा दूधही घेऊन गेला. छातीला अजून कधी कधी पोरीच्या रडण्यानं कळ येई, पण ती नुसतीच कळ. म्हणून मग डब्याचं दूध.

शाळेत शिकवायला जाताना बाजारच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. थंडी पडली होती, जिनांचा हंगाम ऐन भरात होता, आणि गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याच्या कडेला बाभळींवर अडकून राहिला होता. सत्यशीला त्यातून चालत होती आणि मनात एकच शब्द वाजत होता, पोटभर. हा शब्द तिच्या माहेरी, बोरी अरबला, कधी नुसता येत नसे. 'पोटभर' म्हटलं की पुढं लगेच काहीतरी लागे: कुणाचं लग्न, कुणाचं तेरावं, कुणाच्या खळ्याची रास. एरवी जेवणाला जेवण म्हणत. भुकेची मात्र सत्यशीलाला जुनी ओळख होती, सख्ख्या मावशीसारखी. सकाळची भूक कशी असते, ती पाण्यानं कशी फसते, दुपारची कशी कानात वाजते, आणि रात्रीची कशी गुडघे पोटाशी घेतले की जरा शहाण्यासारखं वागते, हे तिला सगळं ठाऊक होतं. ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्यांदा ताट भरून समोर आलं तेव्हा ती अर्ध्यावर थांबली होती आणि वाढणारीला 'बस' म्हणाली होती. पोट भरलं म्हणून नव्हे, तर पुढं वाढतील यावर विश्वास नव्हता म्हणून. लग्न ठरताना देवरावला तिनं एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. माझं मूल भुकेलं झोपणार नाही. देवरावनं त्यावर हसून मान हलवली होती, पण ती हसली नव्हती.

आणि आता त्याच मुलाबद्दल भिंतीपलीकडची बाई विचारत होती. दुधाच्या डब्याचं सत्यशीलाला किती कौतुक! इतरांच्या घरी ज्या फळीवर देव असतात, त्या फळीवर तिच्या घरी तो डबा होता, आणि त्याचं चित्र दाराकडे तोंड करून ठेवलेलं असे, म्हणजे आल्यागेल्याला दिसावं. देव तर नागपूरहून दीक्षा घेऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पंचफुलानं स्वतःच्या हातांनी टोपल्यात भरून अडाण नदीत सोडले होते आणि घरी येऊन गाढ झोपली होती. त्याच हिवाळ्यात पंचफुलानं आणखी एक केलं. मजुरीची ज्वारी आणायला ती खळ्यावर गेली ती टोपलं घेऊन. तोवर ती आणि तिच्या आळीतल्या सगळ्या बाया पदर पसरून उभ्या राहत. वरून धान्य पडे, ते पदरात झेलायचं. माप घालणाऱ्या पाटलांच्या दिवाणजींनी टोपल्याकडे बघितलं, पंचफुलाकडे बघितलं. पंचफुला म्हणाली, "पदर आता पसरत नाई जी आमी. याच्यात टाका." घरी आल्यावर सत्यशीलाला तिनं ते दहादा सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. दहाव्या वेळी तर दिवाणजी खुर्चीवरून पडलेच होते. सत्यशीलाला ते सगळं आठवलं की आपोआप मान ताठ होई. आजही झाली, पण फार वेळ टिकली नाही.

शाळेत चौथीच्या मुलींना नवीन मापं शिकवायची होती. शेर, पायली, मण जाऊन आता किलो आणि लिटर आले होते, आणि वरून शाळेला एक पेटारा आला होता, त्यात लोखंडी वजनं आणि पत्र्याचं नवंकोरं लिटर. सत्यशीलाला हा धडा मनापासून आवडे. ती लिटर वाळूनं शीग लागेपर्यंत, म्हणजे काठावर टेकडी होईपर्यंत, भरी, फूटपट्टी आडवी धरून वरून ओढी, आणि सपाट झालेलं माप प्रत्येक बाकापाशी नेऊन दाखवी. "वर शीग नाही, खाली खड्डा नाही," ती म्हणे. "यवतमाळात हेच, दिल्लीत हेच. माप कोणाचं तोंड बघत नाही." हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं, पुस्तकातलं नव्हतं, आणि ते म्हणताना तिचा आवाज जरा भरून येई. बाकांवर वकिलांच्या मुली होत्या, हमालांच्या होत्या, तिच्या स्वतःच्या समाजाच्या दोघी होत्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. सगळ्या एका सुरात पाढ्यासारखं म्हणत, माप कोणाचं तोंड बघत नाही. आज मात्र त्या सुराच्या खालून दुसरा एक आवाज येत होता. तिला माहीत होतं की घर इथून दूर आहे आणि तो येऊ शकत नाही. तरी येत होता.

मापांचा तिला हा जो नाद होता तो काही पुस्तकानं लावलेला नव्हता. तो खळ्यावरचा होता. सदाशिवराव पाटलांच्या खळ्यावर रास पडली की दिवाणजी मांडीशी पायली घेऊन बसत. गोरे, बारीक, हातात चांदीची अंगठी. गावातल्या बाकीच्या मजुरांना माप घालताना ते पायली राशीत बुडवून काढत ती तशीच शीग लागलेली. दाणे कडेनं ओघळत आणि दिवाणजी ते ओघळू देत. मग पंचफुलाच्या आळीतल्या बायांची पाळी येई. पायली भरे, आणि दिवाणजींचा हात तिच्यावरून फिरे. एकाच ओढीत, घाई नाही, राग नाही. पण तो तळवा सरळ फिरत नसे. मधे येऊन तो जरासा आत बुडे आणि दुसऱ्या कडेला पुन्हा वर येई, आणि पायलीच्या तोंडावर ताटलीसारखा गुळगुळीत खड्डा पडे. सगळ्यांना दिसे. कोणी बोलत नसे, कारण बोललं तर पुढच्या वर्षी सोंगणीला बोलावणं येत नसे. लहान सत्यशीला मायच्या लुगड्याला धरून उभी असे आणि तिला, खरं सांगायचं तर, त्या हाताचा मोह पडे. इतका सुंदर फिरणारा हात तिनं दुसरा पाहिला नव्हता. मायचे हात खरबरीत, कामाला जुंपलेले. हा हात नुसता फिरला की माणसं गप्प होत. आळीतली पोरं नाल्याच्या वाळूत खळं खळं खेळत तेव्हा दिवाणजी कोणी व्हायचं यावर मारामारी होई, आणि सत्यशीला ती मारामारी दर वेळी जिंके. करवंटी वाळूत बुडवायची, तर्जनी वाकवून वरून ओढायची, मधे बुडवायची. बाकीच्या पोरी फ्रॉकचे घेर पसरून समोर उभ्या राहत. "चाल, हो पुढं," ती दिवाणजींच्या आवाजात म्हणे. तिच्याइतकं हुबेहूब कोणालाच जमत नसे, आणि तिला त्याचा भारी अभिमान होता.

मधल्या सुट्टीत ती जेवणाचा डबा न उघडता बसून राहिली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते तिनं पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं: डब्यातल्या पत्र्याच्या मापानं पावडर घ्यायची, सुरीच्या पाठीनं सपाट करायची, पाणी उकळून कोमट करायचं, आणि पोर मागेल तेवढं द्यायचं, फक्त घट्टपातळ करायचं नाही. यातलं तिनं काय केलं नव्हतं? सुरीऐवजी ती बोट वापरी, कारण सुरी कांद्याला लागते आणि बोट साबणानं धुता येतं. बाकी सगळं तंतोतंत. मायनं मात्र एकदा घोळ घातला होता. सत्यशीला शाळेतून लवकर आली तर पंचफुला मापावर मापं घालत होती, प्रत्येकावर बोटभर शीग. पोरीचं पोट दगडासारखं झालं होतं आणि ती पाय आखडून कण्हत होती. सत्यशीला त्या दिवशी मायवर इतकी चिडली की तिच्याशी ती शाळेतली भाषा बोलली. "शीग लावायची नाही, आई. हे औषधासारखं असतं. हा काही दाणा नाही." एरवी ती मायला माय म्हणे. पंचफुलाच्या लेखी चांगल्या हाताचं माप म्हणजे शिगेचं माप. नातीला सपाट घालायचं हे तिच्या हाताला शोभतच नव्हतं. पण त्या दिवसापासून तिनं डब्याला हात लावला नाही. सत्यशीला सकाळी उठून, फळीपाशी भिंतीकडे तोंड करून, दिवसभराची पावडर स्वतः मापून वाट्यांत झाकून ठेवी आणि माय त्यात फक्त पाणी घाली. म्हणजे पोरीच्या पोटात जो कण जात होता तो सत्यशीलाच्या हातचा होता. त्यात मायला दोष देता येत नव्हता, डब्याला देता येत नव्हता. मग उरली पोर. पोरच तशी असेल, हावरी. हा शब्द मनात आला आणि तिला स्वतःचाच संताप आला, कारण हा शब्द तिच्या आळीतल्या पोरांसाठी गावानं फार वापरला होता. तिनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, आणि परत झाकण लावलं.

संध्याकाळी घरी आली तर आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. नळाला पाणी आलं होतं, बाया घागरी घेऊन जमल्या होत्या, आणि रत्नप्रभाबाई तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होत्या. ते बघणं परवडलं असतं. आत पंचफुला पाळण्याची दोरी ओढत होती, तिचा चेहरा दिवसभर उन्हात निंदण करून आल्यासारखा उतरला होता. "सत्ते, आता मले सांग," ती म्हणाली, "हे लेकरू भुकेलं नाई तर काय हाय? म्या सहा लेकरं वाढवली अन् तीन पुरली. मले भुकेचं रडनं समजत नाई काय?" सत्यशीलानं पिशवी ठेवली. "माय, पूर्ण माप जाते तिच्या पोटात. डॉक्टरीणबाईनं सांगतलं तेवढं." "तुह्या डॉक्टरीणीच्या मापाले काय आग लावाची हाय? एक शीग लावून देल्ली त तुही नोकरी जाते काय?" "शीग लावली तं काय झालं होतं, पाह्यलं नाई तू?" "पाह्यलं. हे बी पाहून राह्यलो ना." पाळण्यातून येणारा आवाज दोघींच्या मधून जात राहिला. सत्यशीलाला रडू येत होतं, पण त्याहून जास्त तिला सिद्ध करायचं होतं. आपण बरोबर आहोत. आपण पोरीला काही कमी करत नाही. तिनं हात धुतले, स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं, फळीवरचा डबा काढला आणि आज पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड न करता मायच्या अगदी समोर मांडी घालून बसली. "माप कसं घ्याचं थे नीट पाह्य," ती म्हणाली. वर्गात म्हणते तसंच, सावकाश. पत्र्याचं छोटं माप तिनं डब्यात बुडवून वर काढलं, पांढरी भुरभुरीत शीग लागलेलं. तर्जनी वाकवली. आणि एका ओढीत ती वरून फिरवली.

समोर पंचफुलाचे हात पाळण्याच्या दोरीवरून निघाले. तिनं खांद्यावरचा पदर ओढून घेतला, त्याची दोन टोकं दोन हातांत धरली आणि पुढं केला.

"माय," सत्यशीला म्हणाली, "पदर काहून धरला?"

"कुठं?" पंचफुलानं खाली बघितलं. पदर तिच्या दोन हातांत ताणलेला होता, झोळीसारखा, धान्य यायची वाट बघत. तिनं तो चटका बसल्यासारखा सोडला. "कोन जाने बाई," ती पुटपुटली. "म्या नाई धरला. हातच गेले."

सत्यशीलानं आपल्या हातातल्या मापाकडे बघितलं. त्याच्या तोंडावर मधोमध एक खड्डा होता. गुळगुळीत, बेताचा, तिच्या बोटाच्या वळणाचा. किती सुबक उतरला होता! तिनं ते माप डब्यात रिकामं केलं, पुन्हा भरलं, पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा तोच खड्डा. ती बोट सरळ ठेवायला गेली तरी मधे आल्यावर ते आपल्या मतानं बुडत होतं, जणू त्याला दुसरं काही येतच नव्हतं. रोज सकाळी, भिंतीकडे तोंड करून, हेच झालं होतं. प्रत्येक वाटीत, प्रत्येक मापाला एवढी एवढी तूट, आणि पाणी मात्र पुरेपूर. शाळेत दिल्लीच्या आणि यवतमाळच्या मापाच्या गप्पा सांगणारी बाई घरी येऊन पोटच्या पोरीला पदर पसरायला लावत होती. तिला ते बोट स्वतःचं वाटेना. ते तोडून टाकावंसं वाटलं, आणि त्याच वेळी, कितीही लाज वाटली तरी, त्या बोटाची सफाई तिला दिसत राहिली.

"दिवाणजी," ती एवढंच म्हणाली.

पंचफुलानं मापाकडे बघितलं, लेकीच्या बोटाकडे बघितलं, आणि तिला समजायला एक क्षण लागला. मग ती जे हसली! आधी नुसतं पोट हललं, मग दात नसलेलं सगळं तोंड उघडलं, डोळ्यांतून पाणी आलं. "अवो माय वो! नाल्यातलं खळं!" ती म्हणाली. "मास्तरीन झाली, बुद्ध झाली, यवतमायले आली, पन दिवाणजीपना सुटला नाई हो पोरीचा!" सत्यशीलाला वाटलं होतं की माय रडेल, नाहीतर बोलेल, निदान त्या शिगेचं उसनं फेडेल. तसलं काही नाही. माय हसत होती आणि हसता हसता तिनं पाळण्यातून विशाखाला उचलून तिच्या मांडीत टाकलं. पोर लाल झाली होती. मुठी हवेत मारत होती. तिचा तो आवाज आता इतक्या जवळून सत्यशीलाच्या छातीवर आदळला, आणि तो तिला आज पहिल्यांदा नीट ऐकू आला.

ही रडत नव्हती. ही भांडत होती! मापात खोट आहे, हे ही पोर पहिल्या दिवसापासून सांगत होती. बाटली संपली की बाटलीकडे बघायची, मग आईकडे बघायची, आणि कोणी लक्ष देत नाही म्हटल्यावर गल्लीला सांगायची. सत्यशीलाच्या आईनं ते माप मुकाट घेतलं होतं, तिच्या आजीनं घेतलं होतं, आजीच्या आईनंही घेतलंच असणार, सगळ्यांना खड्डा दिसत असताना. आणि स्वतः सत्यशीला तर भरल्या ताटावर 'बस' म्हणून आली होती. आणि ही? ही अजून धड मान धरत नाही, आणि हिनं एक दिवस, एक वेळ ते माप कबूल केलं नव्हतं. कलेक्टर कचेरीच्या कारकुनाच्या बायकोला नळावर येऊन विचारायला लावलं होतं हिनं. सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लाजेचं आहे असं तिला वाटलं, पण तोंडावर हसू होतं, तेव्हा ते नुसतं लाजेचं नसावं. हावरी म्हणे! तिनं पोरीच्या ओल्या गालाला गाल लावला. "बरोबर हाय तुह्यं," ती तिच्या कानात म्हणाली. "तुह्यंच बरोबर हाय, माय."

तिनं शाळेच्या पिशवीतून फूटपट्टी काढली, उकळत्या पाण्यात बुडवून काढली आणि पुसली. माप भरलं. पट्टी आडवी धरली आणि ओढली. पांढरं, सपाट, काठोकाठ. तिनं ते मायच्या डोळ्यांसमोर धरलं. पंचफुलानं एक डोळा मिटून, बाजारात कापड बघतात तसं बघितलं. "शीग नाई," ती म्हणाली, "पन खड्डाबी नाई. चालन." बाटली भरली तेव्हा दूध रोजच्यापेक्षा दाट दिसत होतं, काचेला धरून राहत होतं. विशाखानं रबर तोंडात घेतलं आणि एक घोट घेऊन थांबली. चव वेगळी लागली असावी. तिनं डोळे मोठे करून आईकडे बघितलं आणि मग तुटून पडली. दोघी बाया बघत होत्या. बाटली संपली. चूं चूं वाजलं. विशाखानं बाटलीकडे बघितलं. आईकडे बघितलं. हनुवटी थरथरली आणि गल्ली हादरली.

"आता?" पंचफुलाचा चेहरा पडला. आज सकाळची सत्यशीला असती तर तिनं बाटली बाजूला ठेवली असती, पोरीला खांद्यावर घेऊन थोपटत बसली असती आणि पूर्ण माप गेलंय, पूर्ण माप गेलंय असं स्वतःला सांगत राहिली असती. "मागते तं देऊ," ती म्हणाली. "मागेल तेवढं द्या म्हणूनच सांगतलं हाय." तिला स्वतःचा आवाज ऐकून नवल वाटलं, कारण तो किंचितसुद्धा कापला नाही. तिनं स्टोव्हला पंप मारला. पोरीचा आवाज आता टिपेला पोचला होता. भिंतीपलीकडे कोणीतरी खिडकी उघडली. उघडू दे, सत्यशीला मनात म्हणाली, ऐकू दे सगळ्यांना. आमच्या घरात कोणीतरी आणखी मागतंय. पट्टी पुन्हा फिरली, एकदा, दोनदा, हवी तितकी. दुसरी बाटली तयार झाली. तिनं ती मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिली आणि पोरीच्या तोंडाला लावली.

या वेळी विशाखा निवांत पीत होती. मुठी हळूहळू उघडल्या. एक हात बाटलीवर येऊन पडला, उगाच, मालकासारखा. पिण्याची लय सैल होत गेली, मधे मधे थांबू लागली, आणि मग एका क्षणी तिनं जिभेनं रबर बाहेर ढकललं. सत्यशीलानं ते परत ओठांना लावलं. पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ मानेवर आला आणि ती तशीच, अर्धे डोळे मिटून, मोठ्या माणसासारखा ढेकर देऊन गप्प झाली. खोलीत इतकी शांतता पसरली की स्टोव्हची घरघर मोठी वाटू लागली. सत्यशीलानं बाटली उजेडाकडे धरली. तळाशी दोन बोटं दूध होतं.

"उरलं," पंचफुला म्हणाली. तिनं जवळ येऊन काचेला बोट लावून बघितलं. "सत्ते, उरलं वो. आपल्या घरचं लेकरू... ठेवलं तिनं." मग लगेच तिची जुनी सवय पुढं आली. "झाकून ठेवतो. सकायी कामी येईन."

"उष्टं दूध ठेवत नाईत, माय. नासते थे. ओतून दे."

"ओतून?" पंचफुला लेकीकडे बघतच राहिली. तिच्या उभ्या आयुष्यात तिनं सांडलेली ज्वारी मातीतून वेचली होती, भाताचं पाणी दुसऱ्या दिवशी प्यायलं होतं. दूध ओतायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. "खरंच ओतू?"

"ओत."

आतल्या खोलीत मोरी होती. सत्यशीलाला वाटलं, माय तिकडेच जाईल. पण पंचफुलानं पदर नीट खांद्यावर घेतला, बाटली दोन्ही हातांत धरली आणि ती दार उघडून बाहेर निघाली. सत्यशीला पोरीला छातीशी धरून उंबरठ्यापर्यंत आली. नळावर अजून गर्दी होती. पंचफुला सरळ बायांच्या मधे गेली, नळाखालच्या नालीशी उभी राहिली आणि दोन्ही टोकांची रबरं काढून तिनं बाटली कलती केली. दूध बारीक धारेनं पडू लागलं. तिनं ते मुळीच भरभर पडू दिलं नाही. घागरींचा आवाज थांबला. "अहो आजी, दूध ओतता?" रत्नप्रभाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"हो," पंचफुला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. "पोरीच्यानं सरलं नाई." शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं बाटली तशीच धरली, दोनदा झटकली आणि मान वर करून म्हणाली, "सरका जरासक. बाटली धुवाची हाय." आणि बाया सरकल्या.